प्रश्न क्रमांक सात

गोडोली, सातारा
गौरी-गणपती उरकल्यावरचा रविवार

चि. पोरीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पाकीट मिळालं. हल्ली पोस्टानं जाड पाकीट येत नाही, त्यामुळं पोस्टमननं हातात देताना 'कोर्टाचं का काय आण्णा?' म्हणून विचारलं. आत बेचाळीस प्रश्नांची प्रश्नावली आणि वर तुझी चिठ्ठी, की पुढच्या महिन्यात वस्तीवर जायचंय, एकदा नजर टाका. नजर टाकली. मग लाल पेन काढलं. चौतीस वर्षं महसुलात कारकुनी केली, दुसऱ्याच्या कागदावर शेरा मारायला हात अजून शिवशिवतो. वाईट वाटून घेऊ नकोस.

आधी मुखपृष्ठ. त्यावर तू वारली चित्र लावलंस, मधे तारपा फुंकणारा वाजंत्री आणि भोवती फेर. चित्र सुरेख आहे, पण ती माणसं डहाणू-जव्हारकडची. तू चाललीस मिरजेच्या माळावरच्या फासेपारध्यांकडे. त्यांच्यात तारपा नाही, आणि भिंतीवर चित्र काढायची रीतही नाही, कारण चित्र काढायला आधी भिंत लागते. आदिवासी म्हटलं की डोंगर, जंगल, नाच, मोराचं पीस असलं एक कॅलेंडर आपल्या डोक्यात टांगलेलं असतं. आपल्या सातारा-सांगलीचा आदिवासी त्या कॅलेंडरात मावत नाही. तो एस.टी. स्टँडच्या मागं असतो, उसाच्या फडाच्या बांधाला असतो, वीटभट्टीवर असतो, तलावाच्या पोटात जाळं टाकून बसलेला असतो. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत घटनेच्या पाचव्या अनुसूचीतलं, म्हणजे आदिवासी भाग म्हणून जाहीर झालेलं क्षेत्र नाही, म्हणून आदिवासी गावसभांना अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा इथं लागू नाही. आदिवासी विकास खात्याचं प्रकल्प कार्यालयही परजिल्ह्यात. त्यामुळं इथला आदिवासी आकड्यानं थोडा आणि ऑफिसापासून लांब. ते चित्र काढून टाक आणि मुखपृष्ठ कोरं ठेव.

आता प्रश्न क्रमांक सात. 'तुमच्या समाजाचा पारंपरिक व्यवसाय कोणता? आजही तो करता का?'

तुला हा प्रश्न साधा वाटला. मला वाचताना घाम फुटला. फासेपारध्याचा पारंपरिक व्यवसाय शिकार. तित्तर, लावा, ससा, हरण. वन्यजीव संरक्षण कायदा आला १९७२ साली. म्हणजे ज्या साली माणदेश-खटाव-जत दुष्काळानं होरपळत होता आणि गावच्या गावं खडी फोडायला गेली, त्याच साली ह्या माणसांच्या हातातला फास गुन्हा ठरवणारा कायदा झाला. कायदा वाईट होता असं मी म्हणत नाही, माळावरचं हरीण संपत आलं होतं हे खरंच. पण फास काढून घेतला त्या हातात दुसरं काय दिलं, हे कोणी विचारलं नाही. आता तू पेन उघडून त्या माणसाला विचारणार, की तू आजही शिकार करतोस का. तो 'हो' म्हणाला तर तो कबुलीजबाब झाला. 'नाही' म्हणाला तर तू लिहिणार, 'परंपरा लोप पावली.' दोन्ही उत्तरांत त्याचा तोटाच.

त्याच्या खालचे प्रश्न आठ, नऊ आणि दहा. घरात माणसं किती, कामानिमित्त बाहेर कोण असतं, रात्री मुक्कामाला कोण असतं. पोरी, ह्याला हजेरी म्हणतात.

तू अभ्यासक्रमात १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा वाचलाच असशील. आपल्याकडे, मुंबई इलाख्यात, त्याचा जोर १९११ नंतर आला. त्या जमातीत जन्मलं की नाव यादीत. बोटांचे ठसे, चौकीवर किंवा पाटलाकडे हजेरी, शिव ओलांडायला पास. काहींना तर तारेच्या कुंपणात नेऊन घातलं. सोलापुरात त्या भागाला लोक अजून 'सेटलमेंट'च म्हणतात, रिक्षावाल्याला सांगितलं की तो बरोबर नेऊन सोडतो. ३१ ऑगस्ट १९५२ ला देशभरात तो कायदा गेला, त्या दिवसावरूनच 'विमुक्त' हा शब्द. पुढं १९५९ साली मुंबई राज्यानं सराईत गुन्हेगारांचा वेगळा कायदा केला. कागदावर जमात सुटली, ठाण्यातल्या डोक्यातून सुटली नाही. गावात दरोडा पडला की पहिली जीप कुठं जाते हे तुला मी सांगायला नको.

ही गोष्ट मला पुस्तकातून कळली नाही. १९९१ च्या जनगणनेला मी माण तालुक्यात पर्यवेक्षक होतो. बेघरांची मोजणी एका रात्रीत उरकायची असते, २८ फेब्रुवारीच्या. मी, एक शाळामास्तर आणि एक कोतवाल असे तिघं बॅटऱ्या घेऊन दहिवडीच्या अलीकडं माळावर निघालो. सात-आठ पालं होती. लांबूनच कुत्री उठली. आमच्या बॅटरीचा झोत पालांवर पडला मात्र, आणि पलीकडच्या अंगानं माणसं अशी पांगली की पाखरांचा थवा उठावा. बायका तेवढ्या राहिल्या. 'माणसं न्हाईत,' एवढंच एक वाक्य प्रत्येक पालासमोर. मास्तर भाबडा, तो म्हणत होता, 'अहो, आम्ही मोजायला आलोय.' त्याला कोण सांगणार, की त्यांच्या तीन पिढ्यांना लोक मोजायलाच येत होते.

एक म्हातारा तेवढा पळाला नाही, कारण पाय अधू होता. कंदिलाच्या उजेडात फास वळत बसला होता. घोड्याच्या शेपटीचे केस. दोन-तीन केस घ्यायचे, मांडीवर तळहातानं एकच घिस्सा द्यायचा, की पीळ बसायचा. एका टोकाला इवलीशी सरगाठ. असे बरेच फास बांबूच्या बारीक खुंट्यांना बांधून ओळीनं मांडून ठेवले होते. मी आपला बोट घालून बघायला गेलो तर बोट अडकलं. म्हातारा हसला, म्हणाला, 'वढू नगा. वढलं की आवळतंय. ढिल्लं सोडा.' मी बोट ढिलं सोडलं, फास आपोआप उकलला. मग त्यानं ओठ मुडपून तित्तराची हाक दिली, आणि पालामागं डालग्याखाली झाकलेल्या पाखरानं तिला उत्तर दिलं. वय विचारलं तर म्हणाला, 'लिवा तुमाला वाटंल ती.' मी साठ लिहिलं. मास्तरानं सत्तर म्हटलं. आम्ही पासष्टवर तोड केली. त्या तालुक्याच्या जनगणनेत एका माणसाचं वय असं ठरलं आहे.

त्या रात्री आमच्या तक्त्यात बायका आणि पोरंच जास्त भरली. वर कोणीतरी त्यावरून पारध्यांतलं स्त्री-पुरुष प्रमाण काढलं असेल.

तर प्रश्न सात ते दहा मी आडवी रेघ मारून काढले. बावीस ते पंचवीस व्यसनाचे, तेही काढले. तुझ्या-माझ्या गल्लीत किती बाटल्या फुटतात त्याची प्रश्नावली कोणी काढली नाही. सणवार, देव, लग्नविधी हे राहू देत, पण पहिल्या भेटीत विचारू नकोस. देवाची पेटी कुठल्या पालात आहे, तिला कोणी शिवायचं, कोणी शिवायचं नाही, हे त्यांच्यात फार जपलेलं असतं. कोणी आपण होऊन सांगितलं तर ऐक, आणि फोटो मागू नकोस. त्यांची आपसातली बोली गुजरातीच्या अंगानं जाणारी आहे, ती कानावर पडू दे. तू दोन शब्द शिकलीस तर म्हाताऱ्या बायका खूश होतील, पण लगेच चार लोकांत बोलून दाखवायला जाऊ नकोस. त्या बोलीचा त्यांना आडोसा असतो.

मग वस्तीवर जाऊन करायचं काय, असं तू विचारशील. मी सांगतो ते तुझ्या मॅडमना कितपत रुचेल ठाऊक नाही. एक घर धर. त्या घराचा एकच कागद हातात घे आणि तो शेवटच्या सहीपर्यंत ने. रेशनकार्ड घे, जन्माचा दाखला घे, जातीचा दाखला घे, कुठलाही. बेचाळीस प्रश्नांनी तुला त्या समाजाचं जे कळणार नाही ते एका दाखल्याच्या मागं फिरताना कळेल.

हे मी इतक्या ठामपणे म्हणतो ह्याला कारण आहे. ते आजवर मी कोणाला सांगितलं नाही, तुझ्या काकूलासुद्धा.

१९९४-९५ ची गोष्ट. तालुक्याचं नाव लिहीत नाही. मी दाखल्यांच्या टेबलावर होतो. एक पारधी बाई आली, बरोबर दहा-अकरा वर्षांची पोरगी. पोरीला वसतिगृहात घालायचं होतं, जातीचा दाखला हवा होता. अनुसूचित जमातीला ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा रहिवास दाखवावा लागतो. विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१. आता तूच सांग, जी माणसं तीन रात्रींच्या वर एका शिवेत टिकू दिली जात नव्हती, त्यांनी रहिवास कुठला दाखवायचा? सातबारा नाही, शाळेचं तोंड कोणी पाहिलेलं नाही, जन्म बाभळीखाली. मी आपला ठरलेला प्रश्न विचारला, 'वडिलांचा, आजोबांचा शाळेचा दाखला आहे?' बाई म्हणाली, 'आज्ज्याचं नाव शाळंत न्हाई सायब, पर चौकीत हाय. रोज सांज-सकाळ हजेरी देत हुता.'

मी हसलो. शेजारच्या टेबलावरचे दोघंही हसले. बाईंना वाटलं आपलं काम झालं, म्हणून त्याही थोडं हसल्या. मग मी अर्जावर लिहिलं, 'सबळ पुराव्याअभावी निकाली.' अक्षर माझं चांगलं होतं, सगळे म्हणायचे.

बाई परत आली नाही.

रिटायर झाल्यावर बऱ्याच वर्षांनी, २०२३ साली, कुणबी नोंदी शोधायला सगळी सरकारी यंत्रणा कामाला लागली ते तुला आठवत असेल. कुठली कुठली दप्तरं तपासायची ती यादी पेपरात आली होती. महसूल, शाळा, जन्ममृत्यू आणि पुढं पोलीस, तुरुंग. जुनी गुन्हे रजिस्टरं, अटक पंचनामे. वाचता वाचता चहा निवला. त्या बाईंनी तीस वर्षांपूर्वी मला जे सांगितलं होतं ते हेच होतं. १९५० च्या आधीचा सरकारी दस्त, त्यात माणसाचं नाव, बापाचं नाव, जमातीचं नाव, गावाचं नाव आणि तारीख. एवढा बिनतोड पुरावा पाटलाच्या घरातसुद्धा सापडायचा नाही. ज्या वहीनं त्यांना गुन्हेगार ठरवलं त्याच वहीत ते कोण आहेत हे लिहून ठेवलं होतं. त्या बाईला अक्षर येत नव्हतं आणि तिला हे कळत होतं. मला अक्षर येत होतं.

म्हणून आता नीट वाच, हे कामाचं आहे. म्हाताऱ्या माणसाला साल विचारू नकोस, सालं आपल्यासारख्यांना लागतात. विचार, गांधीवधानंतरच्या जळिताच्या वेळी तुम्ही केवढे होता. सातारा-सांगलीकडं घरं पेटली ते १९४८ चं जळीत कोणी विसरलेलं नाही. ज्याला जळीत आठवतं तो १९५० च्या आधी जन्मलेला, सरळ हिशेब आहे. त्याच्यानंतरचं पाहिजे तर कोयनेचा भूकंप, डिसेंबर १९६७. त्याच्यानंतर बहात्तरचा दुष्काळ. 'भूकंपाला पोर पोटात होतं का मांडीवर होतं?' असं विचारलंस की बाई बरोबर सांगते. मग विचार, त्या वेळी पाल कुठल्या गावच्या शिवेत असायचं, आणि कुठल्या चौकीला जावं लागायचं. ह्या दोन गोष्टी मिळाल्या की दप्तर कुठं शोधायचं ते ठरतं. पोलिसांची रजिस्टरं, गाव नमुना १४ म्हणजे कोतवाल बुकातल्या जन्ममृत्यूच्या नोंदी, तुरुंगाची दप्तरं. त्या काळातल्या पुष्कळ नोंदी मोडीत आहेत. मोडी शीक. महिन्याभरात अक्षर लागायला लागतं, अवघड वाटतं तेवढं नाही. तुझ्या वयाच्या पोरांना मोडी येत असती तर निम्मे अर्ज निकाली निघाले नसते. निकाली ह्या शब्दाचा आमच्या खात्यातला अर्थ तुला आता कळला असेल.

दुसरी गोष्ट, जातीचं नेमकं नाव. 'पारधी' आणि त्यात फासेपारधी, लंगोली पारधी, चित्ता पारधी, टाकणकार हे राज्याच्या अनुसूचित जमातींच्या यादीत आहेत. पण राज पारधी आणि पाल पारधी विमुक्त जातींच्या अ गटात. एकाच माळावर, एकाच चुलीवर, मेहुणा एका यादीत आणि दाजी दुसऱ्या यादीत. फरक नुसता नोकरीतल्या टक्क्यांचा नाही. अनुसूचित जमातीच्या माणसाला मारहाण झाली, वस्ती जाळली, तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा उभा राहतो. विमुक्ताला तो कायदा नाही. मार तोच, दगड तोच, कायदा वेगळा. कैकाड्यांचं तर आणखी अजब आहे. विदर्भात ते अनुसूचित जाती, आणि आपल्या फलटण-साताऱ्याला विमुक्त जाती. लेक विदर्भात दिली म्हणून जात बदलते का? कागदावर बदलते.

ह्याची मेख कुठं असते सांगू? पहिलीच्या प्रवेशाला. पोरगं शाळेत गेलं की मास्तर जनरल रजिस्टर उघडतात. आडनाव भोसले, पवार, काळे, चव्हाण. पारध्यांत हीच आडनावं आहेत. घाईत मास्तर जातीच्या रकान्यात काहीतरी ठोकून देतात. कधी 'हिंदू', कधी 'हिंदू मराठा', कधी बापानं सांगितलं म्हणून 'राज पारधी'. बापाला वाटतं राज म्हणजे मोठेपणा. पोर शाळेत आहे तोवर ही नोंद दुरुस्त होते. शाळा सोडल्यावर ती दुरुस्ती म्हणजे पाषाणाला पाझर फोडणं. म्हणून वस्तीतली जी पोरं आत्ता शाळेत आहेत त्यांच्या नोंदी पहिल्यांदा बघ. मुख्याध्यापकांकडं जाताना भांडायला गेल्यासारखी जाऊ नकोस, चहा झाल्यावर विषय काढ. शिक्षक मनानं वाईट नसतो, त्याला फक्त कोणी सांगितलेलं नसतं. ह्याच साताऱ्यात कर्मवीर अण्णांनी १९२४ साली छत्रपती शाहू बोर्डिंग काढलं आणि जातीजातीची पोरं एका पंगतीला बसवली. त्याचं आम्हाला कौतुक, आम्ही पुतळ्याला हार घालतो. त्या पंगतीत पारध्याची किती पोरं पोचली, हे मात्र मी कधी कोणी मोजलेलं पाहिलं नाही.

पोलीस. तू वस्तीवर असताना एखाद्या रात्री पोरगा उचलून नेला असा फोन येईलच. तू रात्री एकटी ठाण्यात जायचं नाही, हे आधी. ही तुझ्या बापाची काळजी नाही, माझा अनुभव आहे. फोनवर फक्त वेळ विचार आणि लिहून ठेव. किती वाजता नेलं, किती माणसं होती, कुठली गाडी. चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर उभं करणं हे घटनेच्या बाविसाव्या कलमात आहे, आणि ती चोवीस तासांची घडी तुझ्या वहीतल्या वेळेवरून मोजली जाणार आहे. अटकेचा पंचनामा, घरच्यांना कळवणं, हे सगळं सर्वोच्च न्यायालयानं डी. के. बसू खटल्यात १९९६ सालापासून बांधून दिलंय. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा नंबर फोनमध्ये ठेव. अनुसूचित जातीजमातीच्या माणसाला आणि कुठल्याही बाईला तिथं वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो. हे वस्तीवर कोणालाच ठाऊक नसतं. ते कोपऱ्यावरच्या वकिलाकडं जातात आणि त्याच्या फीपायी शेरडं विकतात.

आता जात पंचायत. तुझ्या प्रश्नावलीत ह्यावर सहा प्रश्न आहेत आणि सहाही प्रश्नांत उत्तर आधीच ठरलेलं आहे. मी पंचायतीची बाजू घेत नाही. उकळत्या तेलातून नाणं काढायला लावणं, बाईच्या चारित्र्याचा निवाडा पाच बाप्यांनी बसून करणं, दंड, वाळीत टाकणं, हे सगळं आहे, आणि ते घाण आहे. डॉ. दाभोलकर आपल्या साताऱ्याचेच. त्यांच्या संघटनेनं जात पंचायतींच्या मनमानीविरुद्ध रान उठवलं, त्यातून सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा झाला आणि २०१७ पासून राज्यात लागू आहे. तीन वर्षांपर्यंत शिक्षा, एक लाखापर्यंत दंड. चांगला कायदा. पण पंचायत इतकी वर्षं टिकली का, हेही विचार. ज्यांना ठाण्याची पायरी चढली की आरोपी म्हणूनच बसवतात, त्यांनी भावाभावाचं भांडण न्यायचं कुठं? पंचायत वाईट न्याय देते, पण झाडाखाली देते आणि त्याच दिवशी देते. म्हणून एखादी बाई तुझ्यापाशी रडली तर लगेच तिला घेऊन तक्रार द्यायला धावू नकोस. तिला विचार, आज रात्री तू झोपणार कुठं? तिचं उत्तर तयार नसेल तर आधी त्याची सोय लाव, फिर्याद उद्या. आणि ती 'नको' म्हणाली तर नको. तिला तुझ्यापेक्षा जास्त कळतं.

प्रश्न एकतीसमध्ये तू 'कातकरी व इतर' असं एका ओळीत उरकलंस. कातकरी इतर नाहीत. वाई, जावळी, महाबळेश्वरच्या अंगाला डोंगराच्या पोटात त्यांच्या वाड्या आहेत. महाराष्ट्रात विशेष असुरक्षित म्हणून ज्या तीन जमाती केंद्रानं धरल्या त्यातली ही एक, बाकीच्या दोन कोलाम आणि माडिया गोंड. खैराच्या लाकडापासून काथ काढायचे म्हणून कातकरी. जंगल सरकारजमा झालं, खैर तोडणं बंद झालं, मग कोळशाच्या भट्ट्या, मग विटांच्या. दिवाळीच्या आधी मालक उचल देतो, ती लग्नात किंवा दवाखान्यात जाते, आणि कुटुंब पावसाळ्यापर्यंत भट्टीवर. हिशेबाच्या वेळी फिटलेलं कधीच नसतं. वेठबिगारीबंदीचा कायदा १९७६ चा आहे, पण उचलीला कोणी वेठ म्हणत नाही, ॲडव्हान्स म्हणतात. तुला कधी कातकऱ्यांत जायचं झालं तर पहिला प्रश्न वेगळा विचार: ही वाडी ज्या जमिनीवर आहे तिचा सातबारा कोणाच्या नावावर आहे? चार पिढ्या राहूनही घराखालची जागा दुसऱ्याची असते. वनजमीन असेल तर वनहक्क कायद्यात दावा बसतो, १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा ताबा दाखवावा लागतो. खाजगी असेल तर वाट लांबची आहे. केंद्राची जनमन योजना २०२३ च्या नोव्हेंबरात आली, तिच्यात ह्या जमातींना घरं आहेत. पण घर बांधायला जागा लागते, म्हणजे पुन्हा तोच सातबारा. ह्यावर वेगळं पत्र लिहावं लागेल, ते नंतर.

भटक्या-विमुक्तांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना आहे, कुटुंबाला पाच गुंठे जागा आणि घर. कागदावर फार देखणी. गावसभेत तिचा विषय निघाला की सगळ्यांना अचानक गायरानाची किती गरज आहे ते आठवतं. त्या सभेला तू जा, मागं बस, काही बोलू नकोस. आपलं गाव कसं आहे हे कळायला तेवढी एक सभा पुरे.

शेवटचं, तुझ्याबद्दल. जाताना कोरी वही नेऊ नकोस, पहिले दोन-तीन आठवडे पेनही नको. बिस्किटांचे पुडे नेऊ नकोस, पोरं मागं लागतात आणि तू पाहुणी होतेस. बायका फुलं-फुगे विकायला सांगली स्टँडवर, सिग्नलवर जातात, त्यांच्याबरोबर एक दिवस उन्हात उभी राहा. चहा दिला तर पी. भांडं कसलं का असेना. आणि चिठ्ठीत तू लिहिलंस, 'त्यांच्यासाठी काहीतरी करायचंय,' तर ते वस्तीवर बोलून दाखवू नकोस. एवढं बोलून गेलेली माणसं त्यांनी खूप पाहिली आहेत, त्यात गाडीला दिवा असलेलीही होती.

प्रश्नावली परत पाठवतो आहे. बेचाळीसातले सतरा शिल्लक आहेत. पाठीमागची कोरी बाजू मुद्दाम तशीच ठेवली आहे. तिथं, तू धरशील त्या घरातल्या म्हाताऱ्याचं नाव, बापाचं, आज्ज्याचं, जळिताच्या आधी पाल कुठल्या शिवेत असायचं ते गाव आणि चौकी, एवढंच उतरवून आण. दसऱ्यानंतरच्या कुठल्याही शनिवारी साताऱ्याला ये. माझ्याकडं मोडीची जुनी बाराखडी आहे, ती धूळ झटकून काढून ठेवतो. पुढं कुठल्या दप्तराला अर्ज करायचा तो आपण बसून लिहू. अर्ज मी लिहून देईन, अक्षर अजून चांगलं आहे. सही मात्र त्या घरच्या माणसाची, नाहीतर अंगठा.

काकूनं तुझ्यासाठी मेतकूट दळून ठेवलंय. डबा आणायला विसरू नकोस.

तुझा,
आण्णा